जमिनीचा घोट

“माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, मीटर तर पोटासाठी खोटं बोलतो, पण जमीन कधी म्हणजे कधीच खोटं बोलत नाही!”

थोरले मालक हे वाक्य बोलले ते खणलेल्या चराच्या काठावर उभे राहून, काठी आभाळाकडे रोखून आणि अखिल मानवजातीला उद्देशून. अखिल मानवजातीपैकी त्या सकाळी पेट्रोल पंपावर हजर होते ते त्यांचे चिरंजीव, खोदयंत्राचा चालक, नोझल धरता धरता म्हातारा झालेला एक नोकर आणि माती तपासायला आलेल्या बाई. वाक्य मोठं होतं, तोंडात मावणारं नव्हतं. शेवटच्या शब्दाबरोबर त्यांची वरची कवळीही बाहेर पडली, चराच्या काठावर एकदा टणकन आपटली आणि तळाशी, जुन्या पाइपाच्या सांध्याजवळ, उताणी होऊन स्थिरावली.

चौघांनी वाकून पाहिलं. कवळी हसत होती.

“जमीन खोटं बोलत नसेल, पण हसते झकास,” खोदयंत्रवाला म्हणाला.

धाकटे मालक चरात उतरायला पुढे झाले. धाकटे म्हणजे नुसते म्हणायचे. डोक्यावर औषधाला काळा केस उरला नव्हता, पायरी नुसती दिसली तरी गुडघे तक्रार करत, आणि मोटारसायकलवरची पोरं त्यांना ‘आजोबा, सुटे आहेत का’ असं विचारत. पण थोरले हयात असेपर्यंत धाकटे धाकटेच. काही माणसं गादीवर बसतात; काही गादीशेजारच्या स्टुलावर बसून म्हातारी होतात.

त्यांनी एक पाय खाली सोडला तोच बाई कडाडल्या, “थांबा! उतरू नका.”

“अहो, कवळी पडलीय आप्पांची.”

“कवळी असो नाहीतर राजमुकुट असो. पाइप उचलून मी नमुना घेईपर्यंत चरात कुणी उतरायचं नाही. तुमच्या चपलांना काय काय लागलं असेल. जन्म गेलाय त्यांचा पंपावर.”

जन्म आपलाही इथेच गेला आहे, हे धाकट्या मालकांच्या मनात आलं. पण चौकशी चपलांची चालली होती. त्यांनी पाय वर घेतला.

त्या बाईंना पंपावर कुणी नावाने हाक मारत नव्हतं. ‘मातीवाल्या बाई’ हे नाव पहिल्या तासातच पडलं होतं. वर्षानुवर्षं परक्यांच्या पंपांच्या चरात उतरून त्यांच्या चेहऱ्यालाही मातीचा रंग आला होता. दाताचा डॉक्टर ज्या आवाजात ‘आ करा’ म्हणतो, त्या आवाजात त्या सगळं बोलत. काम एवढंच: पंपाखालचे जुने पाइप काढून नवे टाकायचा हुकूम आला होता, आणि नवे टाकण्याआधी जुन्यांखालची माती तपासायची होती. माती स्वच्छ निघाली तर नवे पाइप पडणार, पंप चालू. माती खराब निघाली तर पंप बंद, आणि मग आणखी खणा, माती उपसा, पुन्हा तपासा. कधीपर्यंत, ते कुणी सांगत नसे.

“या कामाच्या दिवशी अत्तर नाही, हाताला मलम नाही, गाडीत पेट्रोल भरणं नाही,” बाई हातमोजे चढवत म्हणाल्या. “बोटाला वास लागला की नमुन्यात उतरतो. दिवसभर पेट्रोल पंपावर बसून पेट्रोल न भरता घरी जाणारी जगात मी एकटीच असेन. कालच भरून ठेवलंय.”

“शून्य बघून भरलंत ना?” म्हाताऱ्या नोकराने काळजीने विचारलं.

या नोकराचं नावच ‘शून्य’ होतं. गाडी कुणाचीही असो, नोझल लावण्याआधी ‘शून्य बघा’ म्हणायचं, हा त्याचा आयुष्यभराचा शिरस्ता. बायकोने जेवण वाढलं तरी ताटाकडे पाहून तो ‘शून्य’ म्हणतो, असं खोदयंत्रवाल्याने सकाळभराच्या ओळखीवर पसरवलं होतं.

इकडे थोरल्या मालकांचा जीव वरखाली होत होता. हे पाइप त्यांनी तरुणपणी स्वतः चरात उभं राहून टाकून घेतले होते. एकेका सांध्यावर हात फिरवून, मुलाचं कपाळ चाचपावं तसा. बाई काय समजतात, हे त्यांना आत्ताच्या आत्ता ऐकवायचं होतं, आणि नेमके दात नव्हते.

“फायफाफून फेंफ फरी गफला अफेल फर मिफी उफरवीन!” ते गरजले.

“काय म्हणतात?” बाईंनी विचारलं.

‘पाइपातून थेंब जरी गळला असेल तर मिशी उतरवीन,’ असं ते म्हणत होते. धाकट्या मालकांना बापाचं बोलणं दातांशिवायही समजत असे, हा त्यांचा एकमेव गुण, आणि त्याला बाजारात मोल नव्हतं.

“ते म्हणतात, चहा घेणार का?”

“नको. आभार मानते म्हणावं.”

थोरल्यांनी मुलाकडे संशयाने पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

धाकट्या मालकांच्या मनात मात्र सकाळपासून एक चोर दबा धरून बसला होता. माती खराब निघावी, अशी त्यांची इच्छा होती.

कुणाचं वाईट चिंतणारा हा माणूस नव्हे. ते फक्त दमले होते. झोपून उतरतो तसला थकवा नव्हे. तो उशीत शिरला होता, भिंतीत मुरला होता. पहाटे टँकर येणार म्हणून उठायचं. गाडी आली की वाजणारी घंटा जेवताना, आंघोळ करताना, स्वप्नातसुद्धा ऐकायची. हवा भरायला आलेल्याला हवा आणि भांडायला आलेल्याला भांडण द्यायचं. पेट्रोलचा वास घेणं तर त्यांच्या नाकाने कधीच सोडून दिलं होतं, जसं संसारात मुरलेला माणूस काही आवाज ऐकणं सोडून देतो. लेक लांब राहत होती. पंपाचं काय, असं विचारलं की ती फोनवर खळखळून हसायची आणि मग म्हणायची, “बाबा, तुम्ही खरंच विचारताय?”

बंद करावा, तर थोरल्यांचं एकच पालुपद: मी असेतो पंप बंद होणार नाही. आणि बापाच्या डोळ्यांदेखत बापाच्या दुकानाला कुलूप लावणाऱ्या मुलाला नातेवाईक काय म्हणतात, ते सांगायला नको. नातेवाईक ते पुन्हा पुन्हा सांगतातच. पण जमिनीनेच नाही म्हटलं तर? मग दोष ना बापाचा, ना मुलाचा. जमिनीपुढे कोण बोलणार? ती खोटं बोलत नाही, हे तर आप्पाच म्हणतात; दात पडेपर्यंत म्हणतात.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे अर्थातच बायकोला माहीत होतं. सकाळी घरातून निघताना ती म्हणाली होती, “काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे. पण तोंड नीट करून जा. नापास व्हायची वाट बघणाऱ्या पोरासारखं दिसतंय.”

“मला तुलनेला एक स्वच्छ नमुना लागेल,” मातीवाल्या बाई म्हणाल्या. “पाइपांपासून, टाक्यांपासून लांबचा. जिथे कधी इंधन गेलंच नाही, अशी जागा दाखवा.”

“ऑफिसच्या मागे, भिंतीपाशी घ्या,” धाकटे मालक पटकन म्हणाले. “तिथे काही म्हणजे काही नाही. गवतसुद्धा उगवत नाही.”

“गवतसुद्धा?”

“बायकोने लिंबू लावून पाहिलं, गुलाब लावून पाहिले. सगळे गेले. तिच्या हाताला गुण नाही.”

बाईंनी त्या भिंतीशी जाऊन खोलवरची माती काढली, पिशवीत अर्धी भरली, तोंड बांधलं आणि ती उन्हात गाडीच्या टपावर ठेवली. त्यांची रीत अशी होती: माती पिशवीत उबली की तिच्यातली वाफ सुटते, मग पिशवीत एका यंत्राचं नाक खुपसायचं, आणि ते हुंगून आकडा सांगतं. पक्का निकाल नंतर प्रयोगशाळा देणार, पण तिथे काय निघणार ते हे नाक आधीच चहाडी करून सांगतं. शून्यने त्याचं नाव ‘हुंग्या’ ठेवलं.

“सगळ्या पिशव्या झाल्या की एकदमच हुंगवीन,” बाई म्हणाल्या. “आता पाइप उचला.”

पाइप उचलायची साखळी खोदयंत्रवाला घरी विसरला होता. तो मनापासून हळहळला, साखळीला दोष दिला आणि ती आणायला गेला. चर, पाइप आणि कवळी तशीच राहिली. बाई गाडीचं दार उघडं टाकून आपला डबा खायला बसल्या. धाकट्या मालकांची बायको त्यांना बोलवायला आली.

“अगं, आत ये ना जेवायला. इथे काय उन्हात बसलीस?”

“नको काकू. चुकून हाताला तेल लागेल.”

“मग आमच्या घरी कुणी जेवूच नये,” बायको म्हणाली. “इथे उशीलासुद्धा तेल लागलंय.” आणि उशीच्या मालकाकडे एक नजर टाकून ती परत गेली.

उशीचा मालक चराच्या काठी उभा होता. खाली सांध्याजवळची माती दिसत होती: तांबूस, घट्ट, कोरडी. फार स्वच्छ दिसत होती. त्यांना दिसलं, की नवे पाइप येणार, चकचकीत, आपल्यालाही पुरून उरणारे. पुन्हा घंटा. पुन्हा टँकर. पुन्हा स्टूल.

माणूस आयुष्यभर सरळ चालतो आणि एखाद्या दुपारी वाकडा होतो तो बहुतेक कंटाळ्यानेच. धाकटे मालक घरामागे गेले. टाक्यांना सील ठोकलेलं होतं, नोझलं बंद होती. तेव्हा पंपाच्या मालकाला पेट्रोल चोरावं लागलं, आणि तेही स्वतःच्या स्कूटरमधून. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली त्यांनी अर्धी भरली, खिशात घातली आणि चराकडे परतले. शून्य खुर्चीत मान टाकून घोरत होता. बाई पाठमोऱ्या होत्या.

चरात उतरायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. काठावरून ओतायचं नाही, असं काही म्हणाल्या नव्हत्या. धाकट्या मालकांनी नियम पाळून बाटली कलती केली.

“शून्य बघा,” झोपेतल्या झोपेत शून्य पुटपुटला.

त्यांचा हात असा काही हलला, की सांध्याशी जायचं ते बरंचसं कवळीवर पडलं. उरलेलं आजूबाजूच्या मातीवर. वास आला असेल. पण त्यांच्या नाकाने त्याची दखल घेतली नाही. बाटली खिशात जाते न जाते तोच मागून काठीचा आवाज आला.

“फाय फरफोस?”

“कवळी बघतोय, आप्पा.”

थोरले शेजारी येऊन उभे राहिले. बापलेक बराच वेळ कवळीकडे पाहत राहिले. खरं म्हणजे इतका वेळ त्या दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा साखळी आली. तिच्यामागून तिचा मालक, डोळे चोळत. पाइप वर आला: गंजलेला, जाड, कुठेही न चिरलेला. बाई नवे हातमोजे घालून खाली उतरल्या. आधी त्यांनी चिमट्याने कवळी उचलून एका पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं. मग त्या थबकल्या. नाक वर केलं. काठावरचा एकेक चेहरा पाहिला.

“इथे कुणी काही सांडलं का?”

धाकट्या मालकांच्या खिशातली बाटली एखाद्या लोखंडी गोळ्यासारखी जड झाली.

“पंप आहे, मॅडम,” शून्य समजुतीने म्हणाला. “सांडतंच.”

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या, आणि खुरप्याने वरचा ओला थर तासून बाजूला फेकू लागल्या. चांगला हातभर खोल. “वरची माती मी कधी घेतच नाही. वरची माती माणसांची असते. पाइपाची ती खालची.”

इतक्या कष्टाने केलेलं पाप असं खुरप्याच्या चार फटकाऱ्यांत बाजूला पडलेलं पाहून धाकट्या मालकांना लाज वाटायच्या आधी अपमान वाटला.

मग एकेका सांध्याखालची माती निघाली, पिशव्या भरल्या, टपावर रांगेने उन्हाला बसल्या. उबल्यावर बाई ऑफिसच्या पायरीवर टेकल्या, हुंग्याला मांडीवर घेतलं. सगळे भोवती जमले. धाकट्या मालकांची बायकोही हात पुसत आली.

पहिल्या सांध्याची पिशवी. हुंग्याने नाक खुपसलं, विचार केला.

“शून्य,” बाई म्हणाल्या.

“काय मॅडम?” शून्य उठून उभा राहिला.

“तुम्ही नाही. माती.”

दुसरा सांधा, शून्य. तिसरा, शून्य. नोझलखालचा वळसा, जिथे भल्याभल्यांचे पाइप हार खातात, तिथेही शून्य. थोरल्यांची छाती एकेका शून्याबरोबर एकेका बटणाने पुढे येत होती. शेवटी त्यांनी मिशीला पीळ दिला आणि जमलेल्या जगाला उद्देशून एक दीर्घ फकारयुक्त भाषण केलं.

“काय म्हणतात?”

“म्हणतात,” धाकटे मालक मेल्या आवाजात म्हणाले, “सांगितलं नव्हतं का.”

“बरोबर आहे. इतके जुने पाइप आणि इतकी स्वच्छ माती मी फार कमी पाहिलीय.” बाईंनी मान हलवली. “आता ही एक पिशवी.”

पिशवीत कवळी होती. ती का हुंगवायची, ते कुणाला कळेना. हुंग्याने नाक खुपसलं मात्र, आणि एखाद्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा तो किंचाळला. बाईंनी आकडा शांतपणे पाहिला.

“पाइपांखालची माती स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “कवळी दूषित आहे.”

शून्यने वाकून आकडा पाहिला. तो शून्य नव्हता.

“कवळीत किती चालतं, याची मर्यादा नियमांत दिलेली नाही, म्हणून मी हे लिहीत नाही. पण ज्यांनी कुणी हिच्यावर पेट्रोल ओतलं, त्यांनी ती आजोबांच्या तोंडात जाण्याआधी धुवावी.”

बायकोने धाकट्या मालकांकडे पाहिलं. शून्यने पाहिलं. खोदयंत्रवाल्याला काही ठाऊक नव्हतं, पण सगळे पाहताहेत म्हणून त्यानेही पाहिलं. थोरल्यांनी मात्र पाहिलं नाही; ते कवळीकडेच बघत राहिले, आणि मिशीला दिलेला पीळ आपोआप सुटत गेला.

“संपलंच,” बाई म्हणाल्या. “ती भिंतीजवळची राहिली. ती आपली रीत म्हणून.”

हुंग्याने रीत म्हणून नाक खुपसलं आणि असा काही आक्रोश सुरू केला की कवळीचं रडणं म्हणजे अंगाई वाटावी. बाईंनी त्याला बाहेर काढलं, मोकळी हवा हुंगवली. तो गप्प झाला. परत पिशवीत घातलं. परत आक्रोश. त्या उठल्या, भिंतीपाशी जाऊन आणखी खोलातली माती घेऊन आल्या, ती उबवली, हुंगवली. तेच. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला दाताचा डॉक्टर पळून गेला.

“ही जागा कुणी दाखवली?”

“मी,” धाकटे मालक म्हणाले.

“काय होतं इथे? टाकी? गॅरेज?”

“काही नव्हतं हो. कधीच काही नव्हतं.”

“घोट,” शून्य म्हणाला.

“काय?”

“जमिनीचा घोट,” शून्य म्हणाला, आणि धाकट्या मालकांना एकदम आठवलं.

पंपावर रोज सकाळी पहिली गाडी येण्याआधी मापाचा डबा भरून नोझल तपासायचं असतं. माप बरोबर भरतं की नाही ते पाहायचं आणि डबा परत टाकीत ओतायचा. सगळीकडे तसंच करतात. थोरले मालकही तसंच करत. फक्त तळाचा एक घोट डब्यात ठेवून ते ऑफिसमागे जात आणि भिंतीच्या मुळाशी टाकत. ज्या जमिनीवर आपलं पोट भरतं तिला आधी एक घोट, मग गिऱ्हाइकाला. ही त्यांचीच रीत, त्यांनीच काढलेली, पंप उघडला त्या दिवसापासूनची. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा डबा मुलाने उचलला. तळाचा घोटही त्यानेच भिंतीशी टाकला. रोज, न चुकता, दात घासावेत तसा. दात घासताना कुणी विचार करत नाही. म्हणून सकाळी भिंतीकडे बोट दाखवतानाही त्यांना तो आठवला नव्हता.

आणि एकेक घोट म्हणता म्हणता पंपाच्या वयाइतके घोट जमिनीने प्यायले होते. तक्रार केली असेल तर ती लिंबाच्या आणि गुलाबांच्या तोंडून.

“म्हणजे माझे गुलाब,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की खोदयंत्रवाला दोन पावलं मागे सरला. “लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, सूनबाईच्या हाताला गुण नाही. माहेरपर्यंत पोचवलंत तुम्ही ते. आणि तुम्ही दोघं मिळून माझ्या झाडांना पेट्रोल पाजत होतात?”

“घोटभरच,” शून्य म्हणाला.

“तू गप!”

“घोटभरच, पण रोज,” बाई थकून म्हणाल्या. “भिंतीपर्यंत गेलंय हे नक्की. भिंतीपलीकडे गेलंय का, खाली पाण्यात उतरलंय का, ते बघावं लागेल. बरीच माती उपसावी लागेल. पाइप नका टाकू आता. पंप बंदच ठेवा.”

झालं. मनातला चोर जे चोरायला आला होता ते त्याच्या हातात आपण होऊन पडलं. पण धाकट्या मालकांना हात पुढे करवेना. जमिनीने नाही म्हटलं असतं, गंजाने म्हटलं असतं, तर बरं होतं. हे तर बापाच्या भक्तीने केलं होतं.

थोरले ऑफिसच्या भिंतीशी एका जुन्या टायरवर बसले होते. दातांशिवाय त्यांचं तोंड हवा काढलेल्या पिशवीसारखं आत गेलं होतं. धाकटे त्यांच्याशेजारी जमिनीवरच टेकले. गुडघ्यांनी नियमाप्रमाणे तक्रार केली.

“आप्पा, तुम्ही नाही. इतकी वर्षं मीच ओतत होतो.”

थोरले काही बोलले. आजूबाजूच्यांना ते फुफाटा उडाल्यासारखं ऐकू आलं. मुलाला नीट समजलं.

“तुला कुणी सांगितलं होतं ओतायला?”

“तुम्हीच.”

“मी सांगितलं म्हणून ओतलंस?”

“हो.”

“आणि पंप? तो पण मी सांगितलं म्हणून चालवलास?”

खिशातली बाटली काढून धाकट्या मालकांनी समोर जमिनीवर ठेवली. थोरल्यांनी बाटलीकडे पाहिलं.

“मला वाटायचं, तुला आवडतो,” ते म्हणाले.

“काय?”

“पंप. म्हटलं, याला दुसरं काही येत नाही. बंद केला तर हा दिवसभर करणार काय, बसणार कुठे. म्हणून म्हणत राहिलो, मी असेतो बंद नाही. मला तर कधीचा वीट आलाय रे त्या घंटेचा. वाजली की वाटतं, कानात चप्पल कोंबावी.”

धाकटे मालक हसले की त्यांना खोकला आला, ते लांबून कळलं नाही. खोकल्याची बाटली समोर असूनही उपयोगाची नव्हती.

“मग बोलायचं होतं, आप्पा.”

“तू कुठे बोललास?”

गाडी न येताच घंटा एकदा वाजली. खोदयंत्रवाल्याचा पाय घंटेच्या तारेवर पडला होता. दोघंही सवयीने अर्धे उठले, एकमेकांकडे पाहिलं आणि परत बसले.

मातीवाल्या बाई पिशव्या गोळा करत जवळ आल्या. कवळीची पिशवी त्यांनी बाटलीशेजारी ठेवली, आणि त्या दोन वस्तूंकडे पाहून काहीच न विचारण्याचा मोठेपणा दाखवला.

“काय म्हणतात आजोबा?”

दिवसभर धाकट्या मालकांनी बापाचं बोलणं आपल्या सोयीने फिरवून सांगितलं होतं. आता सोय राहिली नव्हती. त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी भिंतीकडे काठी रोखली, सकाळी आभाळाकडे रोखली होती तशीच, फक्त हात थोडा खाली आला होता.

“ते म्हणतात, पाहिजे तेवढं खणा. भिंतीपलीकडेही खणा. घाई नाही.”

“आणि तुम्ही?”

“मीही तेच म्हणतो.”

“मी गुलाब लावणार तिथे,” मागून बायको म्हणाली. “स्वच्छ माती आली की. आणि सकाळी कुणी डबा घेऊन फिरकलं तर बघा.”

शून्य नोझलजवळ जाऊन उभा राहिला. मीटरवरची धूळ त्याने बाहीने पुसली. आकड्यांच्या जागी काहीच नव्हतं, मीटरची वीज तोडलेली होती. तरी तो बराच वेळ पाहत राहिला.

थोरल्यांनी मुलाची बाही ओढली. आता काहीतरी मोठं येणार, या धास्तीने धाकटे मालक कान त्यांच्या तोंडाशी घेऊन गेले.

“ती कवळी धुऊन दे,” थोरले म्हणाले. “पण पाण्याने.”